‘गाव कोणते तुमचे?’ : अमेरिकेत घर भाड्याने देताना हा प्रश्न का विचारू नये

भाड्याची जागा बघायला कोणी आले की आपल्याकडे चपला काढण्यापूर्वीच चार गोष्टी विचारून होतात. गाव कोणते, आडनाव काय, घरी कोण कोण असते आणि, आवाज जरा खाली आणून, खाण्यापिण्याचे काय. पुण्या-मुंबईत यात कोणाला गैर वाटत नाही. उलट चौकशी न करता चावी देणारा मालकच खुळा ठरतो. न्यू जर्सीत स्वतःचे एखादे टाउनहाऊस भाड्याने देणारा, किंवा तिथल्या शंभर बिऱ्हाडांच्या संकुलात मॅनेजर म्हणून काम करणारा मराठी माणूसही सवयीने हेच प्रश्न विचारतो. तिथे मात्र पहिला प्रश्न राष्ट्रीय मूळाकडे बोट दाखवतो, दुसरा धर्माकडे आणि वंशाकडे, तिसरा घरात लहान मुले आहेत की नाहीत याकडे आणि चौथा पुन्हा धर्माकडेच. पुढे जागा नाकारण्याचे खरे कारण अपुरा पगार हे असले, तरी दारात विचारलेले हे प्रश्नच भेदभावाचा पुरावा म्हणून समोर ठेवले जातात.

मी न्यू जर्सीतल्या एका लीजिंग ऑफिसात, म्हणजे घरे भाड्याने देणाऱ्या कचेरीत, काम करतो. घर देताना भेदभाव करण्यास मनाई करणाऱ्या फेअर हाऊसिंग कायद्याचे प्रशिक्षण आम्हाला दरवर्षी घ्यावे लागते, आणि ते कितीही चांगले असले तरी आपल्या माणसांचे पाऊल नेमके कुठे घसरते हे त्यात येत नाही, असे मला दरवर्षी वाटते. म्हणून हा लेख. तो वकिलाच्या सल्ल्याची जागा घेणार नाही. पण वकिलाकडे जाण्याची वेळ कशामुळे येते, एवढे त्यातून कळेल.

हा कायदा कशातून आला हे ठाऊक नसेल, तर त्यातल्या कित्येक तरतुदी अतिरेकी वाटतात. १९३०च्या दशकात अमेरिकेतल्या एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरोशहरीचे नकाशे तयार करवून घेतले आणि त्यांत कृष्णवर्णीयांच्या वस्त्या धोक्याच्या म्हणून लाल रंगवल्या. अशा वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. चांगल्या वस्त्यांतल्या घरांच्या खरेदीखतांत, हे घर पुढे कृष्णवर्णीयाला विकू नये, अशी अट सर्रास घातली जाई. न्यायालये अशा अटींची अंमलबजावणी करणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने १९४८ साली सांगितले, तरी व्यवहारात फारसे बदलले नाही. १९६६ साली मार्टिन ल्यूथर किंग यांनी शिकागोत खुल्या घरबाजारासाठी मोर्चे काढले, तेव्हा त्यांच्यावर दगड पडले. त्यानंतरचा कायद्याचा मसुदा संसदेत रखडलेला असताना ४ एप्रिल १९६८ रोजी किंग यांची हत्या झाली, शहरे पेटली, आणि अवघ्या आठवडाभरात, ११ एप्रिलला, राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी त्यावर सही केली.

मूळ कायद्यात वंश, वर्ण, धर्म आणि राष्ट्रीय मूळ ही चार कारणे होती. १९७४ साली लिंगाची भर पडली. १९८८ साली अपंगत्व आणि कौटुंबिक स्थिती ही दोन कारणे जोडली गेली. कौटुंबिक स्थिती म्हणजे घरात १८ वर्षांखालील मूल असणे, बाई गरोदर असणे किंवा मुलाचा ताबा मिळण्याच्या वाटेवर असणे. या सातांपैकी कोणत्याही कारणावरून घर नाकारता येत नाही, अटी बदलता येत नाहीत आणि वागणुकीत फरक करता येत नाही. हा झाला देशभराचा किमान नियम. त्यावर राज्ये आणि शहरे आपली भर घालतात, आणि ती भर ठाऊक नसणे हे मॅनेजरला सर्वांत महागात पडते. न्यू जर्सीत वैवाहिक स्थिती आणि लैंगिक कल यांवरूनही भेदभाव करता येत नाही. तिथे भाड्याचे पैसे कुठून येतात हेही कारण होऊ शकत नाही. सरकारी भाडे-साहाय्याचे व्हाउचर घेऊन आलेल्याला ‘आम्ही व्हाउचर घेत नाही’ असे म्हणणे बेकायदा आहे. टेक्सासमध्ये याच्या नेमके उलट, म्हणजे शहरांनी असा नियम करू नये असाच राज्याचा कायदा आहे, अपवाद काय तो माजी सैनिकांचा. त्यामुळे टेक्सासातल्या डॅलसमध्ये राहणाऱ्या मेहुण्याच्या अनुभवावर न्यू जर्सीतल्या एडिसनमधले घर भाड्याने देऊ नये.

मराठी वाचकाला जातीचे काय, हा प्रश्न पडेलच. केंद्रीय कायद्यात हा शब्द नाही. २०२३ साली सिअ‍ॅटल शहराने जातीवरून भेदभाव करण्यास स्पष्ट बंदी घातली आणि ती घरांच्या व्यवहारालाही लागू केली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात असाच कायदा विधिमंडळाने मंजूर केला, पण गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी, सध्याच्या कायद्यांतच हा भेदभाव निषिद्ध आहे, असे कारण देऊन तो परत पाठवला. म्हणजे शब्द लिहिलेला असो वा नसो, आडनावाच्या आडून जात काढण्याचा उद्योग वंश, कुलमूळ किंवा धर्म यांतल्या कशाच्या तरी कक्षेत ओढला जाऊ शकतो, हे गृहीत धरून चालावे.

आता खरी गोम. भेदभाव म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर तोंडावर दार आपटणारा मालक येतो. तसे मालक आजही आहेत, पण तक्रारी ज्या वागण्यातून उभ्या राहतात ते पुष्कळदा सौजन्याचे असते. माझेच उदाहरण सांगतो. कामाला लागून काही आठवडेच झाले असतील. एक बाई बाबागाडी ढकलत आणि दुसऱ्या मुलाचे बोट धरून ऑफिसात आली. तिला दुसऱ्या मजल्यावरचे दोन बेडरूमचे घर बघायचे होते. मी अगदी आपुलकीने म्हणालो, “जिना उभा आहे आणि लिफ्ट नाही. दोन मुलांना घेऊन तुम्हाला रोजचा त्रास होईल. पुढच्या महिन्यात तळमजल्यावरचे घर रिकामे होते आहे, ते बघा ना.” ती मान डोलावून गेली. शेजारच्या टेबलावरच्या माझ्या वरिष्ठ बाईंनी दार बंद केले आणि विचारले, “हेच तू एकट्या आलेल्या माणसाला सांगितले असतेस का?” मुले आहेत म्हणून मी तिला एका घरापासून दुसऱ्या घराकडे वळवले होते. धंद्यात याला स्टिअरिंग म्हणतात, आणि त्यात हेतू चांगला असला तरी सुटका नाही. जिना उभा आहे, लिफ्ट नाही, ही माहिती मी सगळ्यांना द्यायला हवी होती. कोणासाठी तो जिना अवघड आहे हे ठरवणे माझे काम नव्हते. त्या दिवशी तिला फोन करून दोन्ही घरे दाखवण्याची वेळ दिली गेली. तिने दुसऱ्या मजल्यावरचेच घेतले.

मुलांच्या बाबतीत आणखी एक गोंधळ माणसांच्या संख्येवरून होतो. एका बेडरूममागे दोन माणसे हा नियम सर्वसाधारणपणे वाजवी मानला जातो. पण तो दगडावरची रेघ नाही. खोल्यांचे आकारमान, मुलांचे वय, स्थानिक नियम यांवर तो सैल होऊ शकतो. मर्यादा घालायची तर ती माणसांवर घालावी, मुलांवर नव्हे. ‘चार जण चालतील’ हे ठीक; ‘आईवडील आणि जास्तीत जास्त एक मूल’ हे बेकायदा. ‘मुलांनी अंगणात खेळू नये’ ही पाटीही त्याच माळेतली. अंगणात क्रिकेट नको असेल तर ते थोरांनाही नको, असे लिहावे.

दुसरी चूक आपल्या माणसांना सवलत देण्याची. हैदराबादहून किंवा नाशिकहून नुकताच आलेला सॉफ्टवेअर इंजिनिअर अर्ज करतो. त्याचा क्रेडिट स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारा गुणांक, नसतो, कारण त्याला अमेरिकेत येऊनच तीन आठवडे झालेले असतात. भारतीय मॅनेजर त्याची अडचण ओळखतो, नोकरीचे पत्र आणि दोन महिन्यांचे डिपॉझिट घेऊन त्याला घर देतो. न्यू जर्सीत डिपॉझिट दीड महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही, त्यामुळे पहिली चूक तिथेच झाली. पण ती बाजूला ठेवू. आठवड्याने ग्वाटेमालाहून आलेला माणूस तशाच अडचणीत येतो आणि त्याला ‘क्रेडिट नाही, घर नाही’ असे उत्तर मिळते. मॅनेजरने कोणाचा द्वेष केलेला नाही; त्याने एकाला हात दिला, एवढेच. पण त्या हाताची किंमत दुसऱ्याने मोजली, आणि फरक राष्ट्रीय मूळावरून पडला. नवागतांसाठी क्रेडिटऐवजी काय चालेल हे लिहून ठेवले आणि ते सर्व देशांच्या माणसांना लागू केले, तर तीच सवलत पूर्णपणे कायदेशीर ठरते. लॉस एंजेलिसमधल्या अपार्टमेंट इमारतींचे मालक डोनाल्ड स्टर्लिंग यांच्यावर कृष्णवर्णीयांना, लॅटिनो लोकांना आणि मुलेबाळे असलेल्या कुटुंबांना डावलल्याचा आणि कोरियन भाडेकरूंना झुकते माप दिल्याचा सरकारचा आरोप होता. २००९ साली २७ लाख २५ हजार डॉलर मोजून तो दावा मिटला. ‘आम्ही कोणाला नाकारत नाही, फक्त यांना प्राधान्य देतो’ हे वाक्य बचाव म्हणून किती तोकडे आहे, हे त्यावरून दिसते.

व्हिसाचेही तसेच. नागरिकत्व हे सात कारणांत नाही, त्यामुळे ओळखपत्र आणि कागदपत्रे मागणे केंद्रीय कायद्याने निषिद्ध नाही. पण ज्याचे इंग्रजी अडखळते त्याच्याकडेच पासपोर्ट मागायचा आणि बाकीच्यांना ड्रायव्हिंग लायसन्सवर सोडायचे, हे चालत नाही. कॅलिफोर्नियात तर मालकाने इमिग्रेशनची स्थिती विचारण्यासच बंदी आहे.

जाहिरातीसंबंधीची तरतूद या कायद्यात सर्वांत कडक आहे आणि आपल्याकडे तिचीच सर्वांत जास्त पायमल्ली होते. व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर ‘भारतीय शाकाहारी कुटुंब हवे’, ‘मराठी बॅचलरना प्राधान्य’ असे मजकूर रोज फिरतात. गट खासगी आहे, मजकूर मराठीत आहे, यामुळे काही फरक पडत नाही. पसंती किंवा मनाई व्यक्त करणारे विधान करणे हाच गुन्ह्याचा गाभा आहे. शाकाहार हे स्वतः संरक्षित कारण नाही, पण त्याला ‘भारतीय’ जोडले की राष्ट्रीय मूळ आले, ‘कुटुंब’ जोडले की आणखी शंका आली. घराचे वर्णन करावे, राहणाऱ्याचे करू नये, हा साधा मंत्र आहे: ‘दोन बेडरूम, रेल्वे स्टेशनपासून दहा मिनिटे, पार्किंग एक’. ‘तरुण जोडप्यासाठी उत्तम’ हे लिहिण्याचा मोह आवरावा.

येथे काही जण म्हणतील की छोट्या मालकाला सूट आहे. आहे, पण ती समजते तेवढी मोठी नाही. चार किंवा त्याहून कमी बिऱ्हाडांच्या इमारतीत मालक स्वतः राहत असेल, तर केंद्रीय कायद्याच्या बहुतेक तरतुदी त्याला लागू होत नाहीत. खोल्या भाड्याने देऊन गुजराण करणाऱ्या एका काल्पनिक बाईंवरून या सवलतीला ‘मिसेस मर्फी’ असे नाव पडले आहे. तीनपेक्षा जास्त घरे नसलेल्या आणि दलालाशिवाय आपले स्वतंत्र घर भाड्याने देणाऱ्यालाही सूट मिळते. मात्र जाहिरातीचा नियम मिसेस मर्फींनाही चुकत नाही. शिवाय १८६६ सालचा एक जुना नागरी हक्क कायदा आहे, जो खासगी व्यवहारातल्या वंशभेदालाही लागू होतो असे सर्वोच्च न्यायालयाने १९६८ साली ठरवले; त्यात कोणालाच सूट नाही. आणि पगारी मॅनेजर असलेल्या संकुलाचा तर या सवलतींशी संबंधच येत नाही. एकाच घरात आपल्यासोबत राहणारा जोडीदार निवडण्याचे मात्र वेगळे आहे. स्वतःच्या घरात रूममेट कोण असावा हे ठरवण्यात हा कायदा शिरत नाही, असा निकाल पश्चिमेकडच्या राज्यांसाठी असलेल्या केंद्रीय अपील न्यायालयाने २०१२ साली दिला आहे. तोही त्या न्यायालयाच्या हद्दीपुरता बंधनकारक आहे आणि राज्याचे कायदे निराळे असू शकतात.

अपंगत्वाच्या बाबतीत ‘सर्वांना सारखेच वागवा’ हे सूत्र पुरत नाही. तिथे वेगळे वागवणे हेच कर्तव्य होते. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिला नियमातल्या सवलतीचा. पार्किंगची जागा ‘जो आधी येईल त्याची’ असा नियम असला, तरी चालायला त्रास असलेल्या भाडेकरूला दाराजवळची जागा राखून द्यावी लागते. प्राण्यांना मनाई असलेल्या इमारतीतही अंध माणसाच्या मार्गदर्शक कुत्र्याला येऊ द्यावे लागते, आणि त्यासाठी ‘पेट फी’ किंवा वेगळे डिपॉझिट मागता येत नाही. कुत्र्याने दार कुरतडले तर त्याची भरपाई मात्र मागता येते. दुसरा प्रकार बांधकामातल्या फेरबदलाचा: न्हाणीघरात धरायला दांडा बसवणे, दारात उतार करणे. खासगी इमारतीत हा खर्च साधारणपणे भाडेकरूने करायचा असतो, पण परवानगी मालकाने द्यायचीच असते.

विनंती कागदावरच आली पाहिजे, असे नाही. भाडेकरूने जिन्यात उभे राहून “आईचे गुडघ्याचे ऑपरेशन झाले, तिला आता चालता येत नाही, गाडी दाराशी लावली तर चालेल का?” असे म्हटले की विनंती झाली. ‘सवलत’ हा शब्दही त्याने उच्चारायला नको. अपंगत्व डोळ्यांना दिसत असेल, तर पुरावा मागू नये. दिसत नसेल, तर गरज असल्याचे डॉक्टरचे किंवा जाणकाराचे पत्र मागता येते. आजाराचे नाव, औषधे, फाईल मागता येत नाही. खर्च खरोखरच पेलण्यापलीकडचा असेल तर नकार देता येतो, पण त्याआधी दुसरा काही मार्ग निघतो का यावर बोलावे लागते. सर्वांत घातक असते ती टोलवाटोलवी. ‘वर विचारून सांगतो’ म्हणून दोन महिने गप्प बसणे हा नकारच मानला जाऊ शकतो.

हेतू नसतानाही कायदा मोडू शकतो, हे २०१५ साली टेक्सासच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी मान्य केले. वरवर सर्वांना सारखा असलेला नियम एखाद्या गटावरच कोसळत असेल आणि त्यामागे व्यवसायाची खरी गरज दाखवता येत नसेल, तर तोही भेदभाव ठरतो. ‘घरातल्या प्रत्येक प्रौढाला पूर्णवेळ नोकरी हवी’ ही अट घ्या. भाडे वसूल होण्यासाठी एकूण उत्पन्न पुरेसे आहे. प्रत्येकाच्या नोकरीचा आग्रह अपंगत्वाचे निवृत्तिवेतन घेणाऱ्यालाच बाहेर काढतो. अशा नियमांबाबत केंद्र सरकार किती कडक राहते हे वॉशिंग्टनमधल्या सत्तेप्रमाणे खालीवर होते. राज्यांचे कायदे त्याच्या मागे धावत नाहीत. न्यू जर्सीत २०२२च्या जानेवारीपासून पहिल्या अर्जात गुन्हेगारी इतिहास विचारण्यास बहुतांश बंदी आहे, आणि आमच्या छापील अर्जातली ती रकाना-ओळ त्याच महिन्यात गेली.

दुरुस्ती करणाऱ्या माणसाकडे सगळ्या घरांची किल्ली असते, ही गोष्ट मालक विसरतात. त्याने भाडेकरू बाईशी लगट केली, किंवा नळ दुरुस्त करण्याच्या बदल्यात काही सूचित केले, तर तो लिंगावरून केलेला भेदभाव ठरतो आणि त्याची झळ त्याला कामावर ठेवणाऱ्या कंपनीपर्यंत पोहोचते. तक्रार केलेल्या भाडेकरूचे लीज पुढे न वाढवणे हा वेगळाच, स्वतंत्र गुन्हा.

हे सगळे उघडकीला येते कसे? पुष्कळदा टेस्टरमुळे. एकाच पगाराचे, एकाच क्रेडिटचे दोघे जण, एक गोरा आणि एक कृष्णवर्णीय, थोड्या अंतराने एकाच ऑफिसात घर मागायला जातात आणि काय सांगितले गेले ते टिपून ठेवतात. दोघांनाही घर नको असते. व्हर्जिनियातल्या एका प्रकरणात कृष्णवर्णीय टेस्टरला जागा नाही म्हणून सांगितले गेले आणि गोऱ्याला आहे म्हणून. घर घ्यायचेच नव्हते तर नुकसान कसले, हा कंपनीचा युक्तिवाद सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली फेटाळला. खोटी माहिती मिळणे हेच नुकसान. तेव्हा समोर बसलेला माणूस खरा गिऱ्हाईक आहे की टेस्टर, याचा विचार करण्यात अर्थ नाही.

तक्रारीला केंद्रीय गृहनिर्माण खात्याकडे एक वर्षाची मुदत असते, न्यायालयात दोन वर्षांची. खात्याच्या प्रक्रियेतला दंड पहिल्याच उल्लंघनाला २५,००० डॉलरच्या वर जाऊ शकतो, आणि त्यात भरपाई व वकिलाची फी वेगळी. न्यायालयात दंडात्मक भरपाईवर १९६८ साली १,००० डॉलरची मर्यादा होती. ती १९८८ साली काढून टाकली गेली.

आमच्या ऑफिसात यावर उपाय म्हणून जे केले जाते ते दिसायला अगदी कारकुनी आहे. उत्पन्न किती हवे, क्रेडिट किती, आधीच्या मालकाचा दाखला कसा, हे एका पानावर लिहिलेले आहे आणि ते पान अर्जासोबत प्रत्येकाच्या हातात जाते. घर बघायला येणाऱ्या प्रत्येकाचे गेस्ट कार्ड भरले जाते: तारीख, वेळ, किती बेडरूम हवेत, कोणती घरे दाखवली, काय भाडे सांगितले. अर्जावर मिनिटापर्यंत वेळेचा शिक्का पडतो आणि पहिला पात्र अर्ज स्वीकारला जातो. नाकारलेले अर्ज कारणासह कपाटात राहतात. भिंतीवर, घराच्या आकृतीत बरोबरचे (=) चिन्ह असलेले सरकारी भित्तिपत्रक असते. ते लावलेले नसणे हेसुद्धा चौकशीत आपल्या विरुद्ध जाते, म्हणून रंगकाम झाले की ते आधी परत लावले जाते.

गाव मात्र मी आता कोणालाच विचारत नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या त्या बाईंनी लीजवर सही केल्यानंतर काही महिन्यांनी, स्वयंपाकघरातला नळ बघायला गेलो असताना, त्यांनीच मला विचारले की तुम्ही मूळचे कुठले. भाडेकरूने मॅनेजरला हे विचारण्यास कायद्याची काहीच आडकाठी नाही. कराड, मी म्हणालो, आणि मग त्यांच्या मुलाने आणलेल्या नकाशात ते शोधण्यात नळाचे काम दहा मिनिटे लांबले.